घटस्फोट, पोरं आणि पोटगी : तीन फायली एका दोरीत बांधू नका

जुलै २०२५ मधली ती बातमी आठवतीय का? दीड वर्षाचं लग्न, आणि बायकोनं सुप्रीम कोर्टात मागितलं काय, तर मुंबईत फ्लॅट, बारा कोटी रुपये आणि वर बीएमडब्ल्यू. कोर्टानं तिला सुनावलं की एवढी शिकलेली आहेस तर स्वतः कमव, आणि शेवटी मामला फ्लॅटवर मिटला. पण व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलं ते एवढंच की घटस्फोट झाला की बायका कोटीत पैसे नेतात. माझं साताऱ्यात कोर्टाच्या बाहेर टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे, त्या आठवड्यात जो गिऱ्हाईक यायचा तो हेच बोलायचा, आणि मी समोर टाईप करत असायचे तो अर्ज असायचा महिना चार हजार पोटगीचा, ती पण दोन वर्षं थकलेली.

मी वकील नाही हे आधीच सांगते. पण चौदा वर्षं वकिलांचे अर्ज टाईप करून करून आणि दुकानातल्या बाकड्यावर तारखेची वाट बघत बसलेल्या माणसांचं ऐकून एक गोष्ट पक्की कळलीय, की लोकांचा गोंधळ कायद्यामुळं कमी आणि सगळं एकात एक घालण्यामुळं जास्त होतो.

## आधी हे तीन वेगळे करा

लग्न मोडणं ही एक फाईल. पोरं कुणाकडं राहणार ही दुसरी. आणि खर्च कोण देणार, म्हणजे पोटगी, ही तिसरी. पोटगी म्हणजे जगायला लागणारा पैसा, खाणं, भाडं, औषध, शाळा, एवढंच, तो काही दंड नाही की बक्षीस नाही.

आता लोक काय करतात, तर "ती पोराला भेटू देत नाही म्हणून मी पैसे बंद केले" आणि उलट "तो पैसे देत नाही म्हणून मी पोराला पाठवत नाही". दोन्ही चूक. एका फाईलीतला राग दुसऱ्या फाईलीवर काढला की कोर्टात काढणाऱ्याचंच नाव खराब होतं. पोटगीसाठी घटस्फोटाची केस असावीच लागते असंही नाही. लग्न कागदावर शाबूत आहे, नवरा नांदवत नाही, पैसे देत नाही, तरी नुसत्या पोटगीचा अर्ज देता येतो. आमच्याकडं लोक ज्याला अजून "एकशे पंचवीसचा अर्ज" म्हणतात तो हाच, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ चा, फक्त १ जुलै २०२४ पासून नवीन कायदा आला, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, आणि त्यात तो कलम १४४ झाला. वकीलसुद्धा बोलताना १२५ च म्हणतात, टाईप करताना मला दुरुस्त करायला लागतं.

## "अहो, स्टॅम्पपेपरवर लिहून दिलंय की"

हे सगळ्यात जास्त. दोन्हीकडचे पावणे बसतात, बैठक होते, भांडी-दागिने परत होतात, मग स्टॅम्पपेपरवर "आजपासून आमचा एकमेकांशी संबंध नाही" असं लिहून नोटरी करतात आणि समजतात झाली सोडचिठ्ठी. आधी शंभराचा स्टॅम्प असायचा आता पाचशेचा लागतो, पण पाचशेचा असला म्हणून त्यात वजन येत नाही. हिंदू विवाह कायदा १९५५ चा आहे, त्यानुसार लग्न मोडतं ते कोर्टाच्या हुकमानं. एखाद्या समाजात काडीमोडाची जुनी रूढी असेल तर कायदा ती मानतो (कलम २९ मध्ये तसं आहे) पण ती रूढी खरंच आहे हे पुराव्यानं सिद्ध करायला लागतं आणि ते सोपं नसतं.

त्या कागदावर विसंबून दुसरं लग्न केलं की मग खरी पंचाईत, कारण पहिलं लग्न जिवंत असताना केलेलं दुसरं लग्न कायद्यानं लग्नच नसतं, आणि दुसऱ्या बायकोची फजिती तिची काही चूक नसताना होते. आणि जातपंचायतीनं दबाव आणून निवाडा केला, वाळीत टाकायची धमकी दिली, तर महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा वेगळा कायदा आहे, तो गुन्हा आहे.

## किती दिवस लागतात

दोन रस्ते. एक परस्पर संमतीचा, हिंदू विवाह कायद्याचं कलम १३ ब. दोघं किमान एक वर्ष वेगळे राहिलेले पाहिजेत, दोघांनी मिळून अर्ज द्यायचा, मग सहा महिने थांबायचं आणि परत येऊन सांगायचं की आमचं ठरलंय तेच आहे. हे सहा महिने म्हणजे साखरपुड्यानंतर "अजून एकदा विचार करा" म्हणणारी आजी असते ना तसं. २०१७ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की दोघं दीड वर्षाच्या वर वेगळे राहत असतील, समेटाचे सगळे प्रयत्न झाले असतील आणि पोरांचं, पोटगीचं सगळं मिटलं असेल तर ही मुदत माफ करता येते. पण मागावं लागतं, आपोआप होत नाही. आणि एक लक्षात ठेवा, शेवटचा हुकूम होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागं घेऊ शकतं. म्हणून "आधी सगळे पैसे दिले मग ती फिरली" किंवा "आधी केस मागं घेतली मग त्यानं पैसेच दिले नाहीत" असं होतं. रक्कम टप्प्याटप्प्यानं आणि शेवटचा हप्ता शेवटच्या तारखेला कोर्टात, असं लिहून घेतलेलं बरं.

दुसरा रस्ता भांडून. तिथं कारण लागतं, छळ (मानसिक पण त्यात येतो), व्यभिचार, दोन वर्षं सोडून जाणं, धर्म बदलणं, अशी कायद्यात दिलेली. "आमचं पटत नाही" हे कारण नाही, ऐकायला कसंतरी वाटतं पण नाही. लग्न पार संपलंय एवढ्याच कारणावर घटस्फोट फक्त सुप्रीम कोर्ट देऊ शकतं, आपल्या घटनेतल्या खास अधिकारानं, हे मे २०२३ च्या घटनापीठाच्या निकालात स्पष्ट झालंय. साताऱ्याच्या किंवा विट्याच्या कोर्टाला तो अधिकार नाही. लग्नाला एक वर्ष व्हायच्या आत सहसा घटस्फोटाचा अर्जच घेत नाहीत, अगदी असह्य असेल तर परवानगी मागायला लागते. भांडून करायचं तर किती वर्षं हे मी सांगणार नाही, जे बाकड्यावर बसून बसून म्हातारे झाले ते मी बघितलेत.

मधेच "नांदायला ये" ची नोटीस येते, कलम ९ ची. बायका घाबरतात, वाटतं पोलीस उचलून सासरी सोडतील. तसं काही नसतं, कुणालाही ओढून नांदवता येत नाही. पण हुकूम होऊन वर्षभर पाळला नाही तर घटस्फोटाला कारण मिळतं, म्हणून नोटिशीला उत्तर द्यायचं, पिशवीत ठेवून द्यायची नाही. आणि असा हुकूम आहे एवढ्यावर पोटगी बंद होत नाही, न जायला रास्त कारण असेल तर बाईला पोटगी मिळते, हे सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२५ मध्ये सांगितलंय.

## पंचवीस टक्के, खरं का खोटं

"पगाराच्या पंचवीस टक्के बायकोला" हे सगळ्यांना पाठ आहे. कुठून आलं तर २०१७ च्या एका निकालात सुप्रीम कोर्टानं म्हटलं होतं की हातात येणाऱ्या पगाराच्या पंचवीस टक्के रास्त ठरेल. पण तो काही पाढा नाही. कोर्ट बघतं दोघांची कमाई, दोघांचं राहणीमान, पोरं किती, म्हाताऱ्या आईबापाची जबाबदारी कुणावर, लग्न किती वर्षं टिकलं, बाईनं संसारासाठी नोकरी सोडली का. कधी पंधरा टक्के बसतं कधी तीस.

नोव्हेंबर २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं एक चांगली गोष्ट केली, दोघांनीही आपली कमाई, मालमत्ता, कर्ज, खर्च सगळं शपथपत्रावर लिहून द्यायचं, ठरलेल्या नमुन्यात. आणि पोटगी मिळेल ती अर्ज दिल्याच्या तारखेपासून. म्हणून "बघू, सुधरेल, पावणे सांगतायत" करत तीन वर्षं माहेरी बसलं तर त्या तीन वर्षांचं सहसा काही मिळत नाही. समेटाची बोलणी चालू ठेवा की, अर्ज देऊन पण समेट होतो.

## "ह्याच्या नावावर तर काहीच नाही"

हा आमच्या भागाचा खास विषय. ऊस सहा एकर, पण सातबारा बापाच्या नावावर, ऊसबिल बापाच्या खात्यावर, डेअरीचं दूधबिल आईच्या नावानं, बुलेट मेव्हण्याच्या नावावर, आणि शपथपत्रात लिहायचं "मी बेरोजगार असून आईवडिलांवर अवलंबून आहे". मी टाईप करताना वर मान करून बघते, तर हातात दोन फोन असतात.

ह्याला कोर्ट भुलतं असं समजू नका. धडधाकट माणसानं बायकापोरांना पोसलंच पाहिजे, वेळ पडली तर अंगमेहनत करून, हे सुप्रीम कोर्टानं २०२२ मध्ये पण परत सांगितलंय. बाईच्या बाजूनं काय करायचं तर पुरावा गोळा करायचा, तक्रारीचं रडगाणं नाही. गटनंबर, कुठल्या कारखान्याला ऊस जातो, तासगाव भागात द्राक्षबाग असेल तर किती एकर, हळद सांगलीच्या मार्केटला कुणाच्या नावानं लागते, गाडीचा नंबर, पोरांची फी आतापर्यंत कुणाच्या खात्यावरून गेली. सातबारा ऑनलाईन निघतो. खोटं शपथपत्र दिलं असं दाखवता आलं तर ते देणाऱ्यावरच उलटतं.

## "ती कमावते, मग कशाला?" आणि पुरुषांचं काय

कमावते म्हणून पोटगी आपोआप नाकारत नाहीत. पतसंस्थेत नऊ हजारावर काम करणारी आणि लाखभर पगार असलेला नवरा, तिथं तिच्या नऊ हजारात लग्नात होतं तसं जगता येतं का हे बघतात. "शिकलेली आहे, कमवू शकते" आणि "खरंच कमावते" यात फरक आहे. पण उलट, चांगली नोकरी आहे, स्वतःचं भागतंय, तर पोटगी नाकारतात पण, आणि नोकरी लपवली असेल तर वाईट अडकतं. पोरांचा खर्च मात्र वेगळा, आई कमावती असली तरी बापाचा वाटा सुटत नाही.

पुरुषांनी नुसतं बोटं मोडण्यापेक्षा हे माहीत करून घ्यावं की हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ आणि २५ मध्ये नवरा पण बायकोकडं पोटगी मागू शकतो. अपघातात अंथरुणाला खिळलेला नवरा आणि शिक्षिका बायको, असं असेल तर मागता येतं. आणि तिनं तीन ठिकाणी अर्ज दिलेत, कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली एक, १४४ चा एक, घटस्फोटाच्या केसमध्ये एक, तर तिन्हीकडून तिप्पट भरायचं नसतं, आधीची रक्कम पुढच्या कोर्टाला सांगायची, ती धरून हिशोब होतो. छळाची फिर्याद (जुनं ४९८अ, आता भारतीय न्याय संहितेत कलम ८५) ही आणखी चौथीच फाईल, फौजदारी. खरा छळ असेल तर जरूर करावी. पण "ती टाकली की पटकन सेटलमेंट होते" म्हणून अख्ख्या घराची नावं घालायचा सल्ला देणारे असतात, त्यांच्या नादी लागून मूळ पोटगीचा अर्ज वर्षभर पडून राहिलेला मी बघितलाय.

मुस्लिम घटस्फोटित बाईला पण हा १२५/१४४ चा रस्ता खुला आहे, जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टानं ते परत स्पष्ट केलं, आणि एका दमात तीन तलाक २०१९ पासून गुन्हाच आहे. मिरजेच्या एक आपा आल्या होत्या, त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की तलाक झाल्यावर तीन महिन्यानंतर काहीच मिळत नाही, ते चूक.

## हुकूम झाला, पैसे आलेच नाहीत

मग वसुलीचा अर्ज. १४४ च्या पोटगीत थकलेल्या दर महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत जेल होऊ शकते, पण त्यासाठी रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, हे नव्वद टक्के बायकांना कुणी सांगतच नाही असं माझं मत. दर सहा महिन्यांनी थकबाकीचा अर्ज टाकत राहायचं. आणि जेलमध्ये जाऊन आलं म्हणून पैसे माफ होत नाहीत, डोक्यावर राहतातच. महागाई वाढली, पोरगं दहावीत गेलं, किंवा उलट नवऱ्याची नोकरी गेली, तर रक्कम वाढवायला किंवा कमी करायला परत जाता येतं.

## पोरं म्हणजे सामाईक विहीर

आमच्याकडं भावाभावांच्या वाटण्या होतात तेव्हा जमिनीत बांध घालता येतो, पण सामाईक विहिरीचे दोन तुकडे करता येत नाहीत. मग पाळ्या ठरतात, चार दिवस थोरल्याचे, तीन धाकट्याचे, आणि मोटारीचं लाईटबिल दोघांनी. एकानं बिल थकवलं म्हणून दुसऱ्यानं विहिरीत माती लोटायची नसते, त्याच्यासाठी वेगळं भांडण करायचं. पोरांचं तसंच आहे. फक्त विहिरीला मन नसतं, पोराला असतं, इथं माझी उपमा तोकडी पडते.

ताबा म्हणजे पोरगं रोज कुणाच्या घरी झोपणार, शाळेत कुठून जाणार. ज्याच्याकडं ताबा नाही त्याला भेटीचा हक्क असतो, शनिवार-रविवार, दिवाळी-मे महिन्याची अर्धी सुट्टी, रोज व्हिडिओ कॉल. कोर्ट आईचा हक्क मोठा का बापाचा हे बघत बसत नाही, पोराचं भलं कशात हे बघतं, १९५६ च्या पालकत्व कायद्यात हेच सगळ्यात वर ठेवलंय.

"पाच वर्षांपर्यंत आईकडं, मग बापाकडं" हे अर्धंच खरं. पाच वर्षाखालचं मूल सहसा आईकडं ठेवतात, कायद्यात तसं लिहिलंय. पण सहाव्या वाढदिवसाला बापानं येऊन घेऊन जायचं असं कुठंच लिहिलेलं नाही. आणि "वंशाचा दिवा आहे, पोरगा आमचाच, पोरगी तुमच्याकडं ठेवा" असल्या बैठकीतल्या वाटणीला तर कोर्टात काही किंमत नाही, भावंडं शक्यतो एकत्र ठेवण्याकडंच कल असतो. पोरगं कळतं असेल तर जज साहेब चेंबरमध्ये बोलवून त्याला विचारतात. ते म्हणेल तेच होतं असं नाही, कारण मोबाईल घेऊन दिला की पोरं कुणाचंही नाव घेतात हे जजला पण माहीत असतं, त्यांची पण पोरं असतात.

ताब्याचा हुकूम दगडावरची रेघ नसतो. पोरगं मोठं झालं, बाप दारूतून सुटला, आई दुसरीकडं बदलून गेली, तर बदल मागता येतो. आईनं दुसरं लग्न केलं एवढ्यानं ताबा जात नाही, बापानं केलं म्हणून त्याचा भेटीचा हक्क जात नाही.

आणि भेट कुठं होते तर बऱ्याचदा कोर्टाच्याच आवारात, एका खोलीत, तासभर. एक बाप दर दुसऱ्या शनिवारी यायचा, माझ्या दुकानातून कोरे कागद आणि स्केचपेन घेऊन जायचा, पोरीबरोबर बोलायला विषय सुचायचा नाही म्हणून. मग एका तारखेला त्यानं आणि पोरीच्या आईनं वकिलांना बाजूला ठेवून ठरवलं की भेट पोरीच्या मावशीच्या घरी करूया. त्याला कोर्टानं काही हरकत घेतली नाही.

पोरांची पोटगी आईनं सोडून दिली तरी सुटत नाही. "मला तुझा एक रुपया नको, फक्त पोरगं दे" असं रागानं समझोत्यात लिहून देतात, पण तो हक्क पोराचा आहे, आईला सोडायचा अधिकारच नाही. आणि मुलगी अठराची झाली तरी अविवाहित असेल आणि स्वतःचं भागत नसेल तर हिंदू दत्तक व पोटगी कायद्याखाली बापाकडं मागू शकते.

## जमिनीत अर्धा वाटा? आणि दागिन्यांचं?

घटस्फोट झाला की नवऱ्याच्या जमिनीत बायकोला अर्धा वाटा, असा कायदा आपल्याकडं नाही. एकरकमी पोटगी म्हणून कोर्ट काही देऊ शकतं ते वेगळं. पण पोरांचा बापाच्या वडिलोपार्जित जमिनीतला हक्क घटस्फोटानं तुटत नाही, आणि २००५ पासून मुलीला मुलाइतकाच. राहायच्या घराचं म्हणाल तर कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ चा आहे, त्याखाली घर सासूच्या नावावर असलं तरी तिथं नांदत असलेल्या सुनेला सरळ रस्त्यावर काढता येत नाही, मालकी मिळते असं नाही, राहायचा हक्क मिळतो.

स्त्रीधन, म्हणजे माहेरनं सासरनं पावण्यांनी तिला दिलेलं सोनं, भांडी, वस्तू, ते तिचंच. १९८५ पासून सुप्रीम कोर्ट हेच सांगतंय. अडचण पुराव्याची. लग्नातले फोटो, व्हिडिओ, सोनाराची बिलं शोधा, मोडून दुसरं केलं असेल तर त्याचंही बिल.

## केस कुठं लावायची

विटा, खानापूर, आटपाडीकडची माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यानं चेन्नई, केरळ, दिल्ली कुठं कुठं आहेत. जावळी-पाटणची माथाडी म्हणून नवी मुंबईत. लग्न गावाला, संसार तिकडं, भांडण झालं की बाई माहेरी. तिला वाटतं केस चेन्नईला जाऊन लढायची. नाही. बाई जिथं राहते तिथं पोटगीचा अर्ज चालतो, आणि २००३ च्या दुरुस्तीपासून घटस्फोटाचा अर्ज पण ती स्वतः राहते त्या ठिकाणच्या कोर्टात देऊ शकते. नवऱ्यानं आधीच तिकडं टाकला असेल तर केस इकडं वर्ग करून मागता येते, राज्यातल्या राज्यात हायकोर्टात, दुसऱ्या राज्यातून असेल तर सुप्रीम कोर्टात. हायकोर्टाचं काम आता थोडं सोपं झालंय, १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच चालू झालंय आणि सातारा सांगली दोन्ही जिल्हे त्यात आहेत, आधी ह्याच कामाला मुंबईची रात्रीची एसटी पकडायला लागायची.

घटस्फोट मिळाला की लगेच मांडव घालू नका. भांडून झालेल्या निकालावर अपील होऊ शकतं, हिंदू विवाह कायद्यात त्याला नव्वद दिवस आहेत, ते जाईपर्यंत थांबायचं.

## वकिलाला पैसे नाहीत

बाई किंवा मूल असेल तर उत्पन्न किती का असेना, १९८७ च्या कायद्यानं सरकारी खर्चानं वकील मिळतो. जिल्हा कोर्टातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तालुक्याला पण समिती असते, फोनवर विचारायचं तर १५१००. मारहाण चालू असेल, आत्ता मदत पाहिजे असेल तर १८१.

पहिल्या दिवशी जाताना लग्नपत्रिका किंवा लग्नाचा दाखला, लग्नातला एक फोटो, दोघांचं आधार, पोरांचे जन्मदाखले, शाळेच्या फीच्या पावत्या, आपलं बँकेचं पासबुक, नवऱ्याच्या कमाईचं जे काय हाताला लागेल ते, आणि एका वहीत तारखांसकट काय कधी झालं ते लिहून न्या. आठवेल तसं लिहा, शुद्धलेखन कुणी बघत नाही. मूळ कागद कुणाच्याही हातात देऊ नका, वकिलाच्या पण नाही. तीन सेट झेरॉक्स काढा, एक कोर्टाला, एक समोरच्याला, आणि एक घरी माहेरच्या कपाटात, कारण दुसरा सेट हरवलाय म्हणून वर्षभरानं परत येणाऱ्या बायका मी रोज बघते आणि तोपर्यंत मूळ कागद कुठं ठेवलाय हे त्यांनाच आठवत नसतं.